लेक दावाओत डॉक्टरकी शिकतेय, तिथल्या राजकारणाबद्दल एक शंका

बार्शीचे काका:
मुलगी फिलिपाईन्समध्ये दावाओला आहे. घरमालकीणबाईंच्या लेखी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते म्हणजे देवमाणूस. मी मात्र वाचलं की लेला दे लिमा नावाच्या विरोधी सिनेटरला त्यांच्या काळात अटक झाली, जवळपास पावणेसात वर्षं डांबलं आणि शेवटी ती निर्दोष सुटली. कोर्टं असताना असं होतं कसं? तिकडे राहणाऱ्या कुणीतरी समजावून सांगा.

मकातीकर:
काका, मी 2015 पासून मनिलात, कॉल सेंटरच्या रात्रपाळीला. आधी एक, लेकीला घरमालकीणबाईंशी वाद घालू देऊ नका. दावाओत दुतेर्तेंच्या घरातच बाप महापौर, मुलगी महापौर, मुलगा महापौर असं चाललेलं आहे.

भांडण जुनं आहे. 2009 मध्ये दे लिमाबाई मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष होत्या. दावाओत माणसं टिपणाऱ्या टोळीला महापौरांचा आशीर्वाद आहे का, हे तपासायला त्या थेट दुतेर्तेंच्या शहरात गेल्या. ते दुतेर्तेंनी मनात ठेवलं. 2016 ला हे राष्ट्राध्यक्ष, बाई सिनेटर. ड्रग्जविरोधी मोहिमेच्या नावाखाली रस्त्यावर मुडदे पडू लागले, बाईंनी ऑगस्टमध्ये सिनेटची चौकशी लावली. सप्टेंबरात ती चौकशी करणाऱ्या समितीचं बाईंचं अध्यक्षपद गेलं. 24 फेब्रुवारी 2017 ला अटक.

कलम नेमकं असं निवडलं की जामीन सहज मिळू नये : ड्रग्ज. बाईंकडे ग्रॅमभर माल सापडला नव्हता. आरोप मनिलातल्या बिलिबिद तुरुंगातल्या ड्रग्जच्या धंद्याशी संबंध असल्याचा, आणि साक्षीदार बरेचसे तिथलेच कैदी. आधी आरोप ड्रग्जच्या व्यापाराचा, मग तो बदलून कटाचा केला. सुप्रीम कोर्टात बाई 9 विरुद्ध 6 अशा हरल्या. पुढे नुसत्या तारखा, मधेच न्यायाधीश बदलायचे. सरकारला खटला जिंकायची घाई कुठे होती? बाई आत आहेत ना, झालं.

बाहेरचा निकाल तर फेसबुकने आधीच देऊन टाकला होता. आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर भला माणूस, पण त्याच्या सिमवर फेसबुक फुकट आणि बातमीची लिंक उघडली की पैसे कापले जायचे. मग तो मथळा वाचायचा, खालच्या शिव्या वाचायचा आणि मला सांगायचा, ‘सर, ती ड्रग्जवाली.’ बाईंचं त्यांच्या ड्रायव्हरशी असलेलं प्रकरण संसदेच्या सुनावणीत चघळलं गेलं, तथाकथित अश्लील व्हिडिओ सभागृहात दाखवायची भाषा झाली. तुरुंगातल्या ड्रग्जशी त्याचा काय संबंध, हे विचारणारे थोडेच. मोका उसोन ही लाखो फॉलोअर असलेली नर्तकी-ब्लॉगर दुतेर्तेंची कट्टर समर्थक. तिला 2017 मध्ये सरकारी प्रसिद्धी खात्यात मोठं पद मिळालं. मार्च 2019 मध्ये खुद्द फेसबुकनेच बनावट पेजेस आणि खात्यांचं एक जाळं उडवलं. ते दुतेर्तेंच्या 2016 च्या प्रचाराचा सोशल मीडिया सांभाळणाऱ्या माणसाशी जोडलेलं निघालं.

2022 मध्ये मुख्य साक्षीदार फिरले, ‘दबावाखाली बोललो’ म्हणाले. तरी जामीन नोव्हेंबर 2023 ला आणि शेवटच्या खटल्यातून सुटका जून 2024 ला.

सांगलीचा_स्पष्टवक्ता:
आणि आता दुतेर्ते त्या ड्रग्ज मोहिमेतल्या हत्यांवरून मार्च 2025 पासून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस, त्यांनी काटा काढला. मग हे वेगळं कसं? की आपल्या आवडीचा माणूस आत गेला की सूड आणि नावडता गेला की न्याय?

मकातीकर:
काटा काढला हे मलाही मान्य. 2022 ला दोन्ही घराणी एकाच पॅनलवर होती, भांडण झालं नसतं तर दुतेर्तेंना हेगला नेणारं विमान उडालंच नसतं. पण हेगचे न्यायाधीश मार्कोसच्या खिशात नाहीत. साक्षीदार त्यांच्या तुरुंगातले कैदी नाहीत. आणि फेसबुकवर आजही जोर दुतेर्तेंच्याच लोकांचा दिसतो. कोठडीत असतानाच मे 2025 ला दावाओने त्यांना पुन्हा महापौर निवडलं. त्याच निवडणुकीत बाईही संसदेत परतल्या, ही गंमत लिहायची राहिलीच.

बार्शीचे काका:
खूप आभार. लेकीने नेमकी काय काळजी घ्यावी?

मकातीकर:
मोर्चात जाऊ नये, कुणाच्या पोस्टखाली राजकीय कमेंट करू नये. परदेशी माणसाने राजकारणात पडलेलं तिथलं इमिग्रेशन खपवून घेत नाही. 2018 मध्ये एका म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन ननला याच कारणावरून देश सोडावा लागला, तीही दशकानुदशकं तिथे काम केलेली बाई. लेकीकडे तर विद्यार्थी व्हिसा आहे. घरमालकीणबाईंनी दुतेर्तेंचा फोटो दाखवला तर ‘हो मावशी’ म्हणावं आणि अॅनाटॉमी वाचत बसावं.