आधी तिच्या पोटात काहीतरी जाऊ दे

तुमच्या मनी मांजरीला आतड्याचा लिंफोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघालाय आणि दोन दिवस ती अन्नाला तोंड लावत नाहीये, असं लिहिलंयत. कोपरखैरण्याला असताना आमच्या ठमीचं अगदी हेच झालं होतं. गाठीचं नंतर, आधी हे उपाशी राहणं बघा. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की यकृतात चरबी साचायला लागते, ते वेगळंच दुखणं. डॉक्टरांना आजच फोन करा, भूक वाढवायचं औषध मिळतं.

ठमी दिवाळे गावाहून आणलेल्या मांदेलीचं कोमट पाणी चाटायची. मीठ, कांदा, लसूण काही नाही. तेही माझ्या बोटावरूनच. वाटीत दिलं की मान फिरवायची, महाराणी!

लिंफोमाच्या हळू वाढणाऱ्या प्रकारात बहुधा प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) आणि क्लोरॅम्ब्युसिल (केमोची गोळी) देतात. पहिली इतकी कडू की जिभेला लागली की तोंडाला फेस. दुसरी मात्र कधीही तोडू नका, हातमोजे घालूनच द्या, शी-शूचा ट्रे साफ करतानाही घाला. आणि वरच्या उत्तरांत कोणीतरी तापाच्या गोळीचा पाव तुकडा सुचवलाय, तो अजिबात नको. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

ठमी पुढे चौदा महिने होती. शेवटच्या आठवड्यातही खिडकीतून कबुतरं दिसली की दात कटकटवायची.