पाच दिवसांचं रेडिएशन अर्धवट नसतं

कोविडमध्ये गर्दी टाळायला ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं रेडिएशन पंधरावरून पाच दिवसांवर आणलं म्हणजे पेशंटची बोळवणच केली, असं कोणी म्हणतं ते मला नाही पटत. ब्रिटनमधली फास्ट-फॉरवर्ड ट्रायल कोविडच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये सुरू झालेली, चार हजारांवर पेशंट होते त्यात, आणि पाच वर्षांचे रिझल्ट नेमके एप्रिल २०२० मध्ये आले. १५ दिवसांत ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आणि ५ दिवसांत २६ ग्रे, कॅन्सर उलटून येण्याच्या बाबतीत दुसरं पहिल्यापेक्षा कमी पडलं नाही. एकूण आकडा कमी दिसतो पण रोजचा डोस जवळजवळ दुप्पट असतो (२.६७ ऐवजी ५.२ ग्रे), म्हणून नुसती बेरीज बघून घाबरू नका. हां, काखेतल्या गाठींनाही (लिम्फ नोड्स) रेडिएशन लागणार असेल तर मात्र तेव्हा बरेच डॉक्टर १५ दिवसांवरच थांबत होते आणि ते बरोबरच होतं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या मावशीचे पाच दिवस संपले तेव्हा स्किन अगदी नॉर्मल, आम्ही म्हटलं सुटलो, आणि घरी आल्यावर आठवड्याभराने छातीखालच्या घडीत लाल होऊन आग आग व्हायला लागली, ब्लाऊजची शिवणसुद्धा सहन होईना. तीन आठवड्यांच्या कोर्समध्ये हे सुरू होताना टेक्निशियनच्या नजरेला पडू शकतं, पाच दिवसांच्या कोर्समध्ये तोवर तुम्ही घरी असता. म्हणून शेवटच्या दिवशीच फोन कोणाला करायचा आणि क्रीम कुठलं लावायचं ते लिहून घ्या.