सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) नॉर्मल आली, म्हणजे किरणोत्सर्गाने रक्ताला धक्का लावला नाही, असे मानावे का?

धागा

मी गेली अठरा वर्षे क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे. शिशाचा एप्रन खुंटीला आणि टीएलडी बॅज (अंगाला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे सहकारी मला सांगतात, "दरवर्षी सीबीसी नॉर्मल येते, मग काळजी कशाची?" ही समजूत मला घातक वाटते.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेले जुने यंत्र फोडले गेले, तेव्हा माणसांचे केस गळाले, कातडी काळवंडली आणि एकाचा जीव गेला. साधारण एक ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) किंवा त्याहून मोठा डोस एकदम बसला, की अस्थिमज्जेतील, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी मरू लागतात. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एक-दोन दिवसांतच घसरतात, प्लेटलेट पुढच्या काही आठवड्यांत, आणि तांबड्या पेशी १२० दिवस जगत असल्यामुळे रक्तक्षय उशिरा दिसतो. आमचा डोस याच्या आसपासही नसतो, म्हणून सीबीसी बिघडत नाही. पण पेशीच्या डीएनएत राहून गेलेली चूक सीबीसीत दिसतच नाही. हिरोशिमा-नागासाकीत ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) जादा रुग्ण अणुबॉम्बच्या स्फोटानंतर दोन-तीन वर्षांनी दिसू लागले आणि सहा ते आठ वर्षांनी त्यांचे प्रमाण सर्वाधिक झाले.

प्रतिसाद १

मी डॉक्टर आहे आणि या सुराशी असहमत आहे. अणुबॉम्ब आणि क्ष-किरण खोली यांना एका दमात आणले, की लोक घाबरतात. स्कूटरवरून पडलेल्या, उलट्या करणाऱ्या मुलाचे सीटी स्कॅन (क्ष-किरणांनीच होणारी तपासणी) नको म्हणणारे आईवडील मी पाहिले आहेत, आणि त्या मुलाला खरा धोका मेंदूतल्या रक्तस्रावाचा होता. डोक्याच्या एका सीटीचा डोस सुमारे २ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचा शरीराला होणारा धोका मोजण्याचे एकक), म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो साधारण तेवढाच. केरळात करुनागापल्लीच्या नैसर्गिकरीत्याच किरणोत्सर्गी असलेल्या मोनाझाइट वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांमध्ये कर्करोग वाढल्याचे २००९ च्या अभ्यासात आढळले नाही.

धागाकर्ता

त्या मुलाचे सीटी करायलाच हवे, यात वाद नाही. पण २०१२ च्या ब्रिटिश अभ्यासाने लहान मुलांच्या १०,००० डोक्याच्या सीटींमागे पुढील दहा वर्षांत ल्युकेमियाचा एक जादा रुग्ण असा अंदाज दिला होता, तोही विसरू नये.

प्रतिसाद १

त्या अभ्यासावर गंभीर आक्षेप आहेत. ज्या मुलांना आधीच काही आजार होता, त्यांचीच सीटी जास्त झाली असणार. मग दोष किरणांचा की मूळ आजाराचा, हे कसे ठरवायचे?

धागाकर्ता

आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी कामगारांकडे पाहतो. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना डोस रुग्ण म्हणून नव्हे, तर काम करताना, थोडा थोडा, वर्षानुवर्षे मिळाला होता, आणि डोसबरोबर ल्युकेमियाचा धोका वाढलेला दिसला. वाढ लहान आहे, पण आहे. आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. बॅज ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर ती पाळली गेली की नाही हे कोण सांगणार?

प्रतिसाद १

बॅजचा मुद्दा मान्य. एप्रनबद्दलही माझा विरोध नाही. पण ही आकडेवारी रुग्णाच्या नातेवाइकांपुढे मांडताना सीटी न करण्याचा धोकाही त्याच वाक्यात सांगावा, एवढे माझे म्हणणे कायम आहे.