आंबोलीच्या जंगलातला रेडिओ
उषा मेहतांनी १९४२च्या ‘चले जाव’ चळवळीत चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओबद्दलचं लिखाण वाचलं, छान लिहिलंय. पण पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याच्या मुक्तीसाठी चाललेल्या गुप्त रेडिओ केंद्राची आठवण कुणीच काढली नाही, याचं वाईट वाटलं. काँग्रेस रेडिओ तीनेक महिन्यांत पकडला गेला. हे गोव्याचं केंद्र १९५५पासून थेट १९६१पर्यंत चाललं. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो आंबोलीच्या जंगलात, ट्रकमध्ये ट्रान्समीटर ठेवून पोर्तुगीज आणि कोंकणीतून बोलायचे. आंबोलीचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना कळेल हे काय दिव्य होतं! पुढे मुक्काम गोव्याच्या सीमेजवळ, कर्नाटकातल्या कॅसलरॉकला हलला. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करल्यावर लिबियाताईंनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, गोवा मुक्त झाल्याचं खाली लोकांना सांगितलं. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.