मदत हवी आहे: गल्लीतल्या कुत्र्यांना विष घातलं, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली

अबोली_पुणे

पुण्याच्या एका उपनगरात भाड्याने राहते. सोसायटीच्या मागच्या गल्लीत चार कुत्री होती. चौघांचीही नसबंदी झालेली, कानाचा कोपरा कापलेला. रेबीजची लस आम्ही काही जणी वर्गणी काढून टोचून घेतो. काल पहाटे दूधवाल्याला त्यातली दोन गेटजवळ मरून पडलेली दिसली. तोंडाला फेस, पाय ताठ. तिसरी, काळी, झटके देत होती. तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ॲट्रोपिन (काही कीटकनाशकांवरचा उतारा) वगैरे दिलं, सध्या तरी जगली आहे. चौथा दिसतच नाही. कचराकुंडीपाशी पावाचे तुकडे आणि त्यांना चिकटलेले काळसर दाणे सापडले. थिमेटसारखं शेतीचं औषध असावं असा डॉक्टरांचा अंदाज, पण तसं लेखी द्यायला ते तयार नाहीत.

एक कुत्रा महापालिकेच्या गाडीने उचलून नेला. दुसरा शेजारच्या मुलाने हट्टाने अडवून धरला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवलाय.

ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं, १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली अदखलपात्र नोंद केली, कागद हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, पन्नास रुपये दंड आहे याला. कशाला हेलपाटे घालताय?"

आता प्रश्न. या एनसीचा एफआयआर होऊ शकतो का, आणि कोणत्या कलमाखाली? शवविच्छेदन कोण करतं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदांनी मध्यंतरी लिहिलं होतं, "महापालिका काही करत नाही, आता आपणच औषध घालू." हा पुरावा धरतात का? घालताना कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे नाव घ्यायची भीती वाटते. त्यात मी भाडेकरू.

कुत्री हवीत की नकोत हा वाद कृपया इथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कधी संपत नाहीत.

कोर्टाची पायरी

पन्नास रुपयांची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली. १९६० च्या कायद्यातल्या कलम ११ ला पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड आहे आणि कित्येक दशकांत तो बदललेला नाही. त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र हेही खरं. पण त्याच कायद्याचं कलम ३१ वाचा. ११(१)(एल), म्हणजे प्राण्याला, आणि तिथे 'भटक्या कुत्र्यांसह' असे शब्द आहेत, विनाकारण क्रूर पद्धतीने मारणं, हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे ज्या कायद्यावर बोट ठेवून तुम्हाला परत पाठवलं, त्यातच तपासाचा अधिकार दिलेला आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. कोणत्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दखलपात्र, पण जामीनपात्र. जुन्या दंडसंहितेत ४२८ आणि ४२९ होती, तिथे प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये असा घोळ असायचा, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची किंमत काय, यावर ठाण्यात हमखास हशा व्हायचा. १ जुलै २०२४ पासून ती किंमतीची अट गेली. हे अजून सगळ्या ठाण्यांत झिरपलेलं दिसत नाही.

एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ती चटकन लिहून मिळते यात नवल नाही. तेव्हा आता तोंडी बोलू नका. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज करा. घटना, वेळ, जागा, कोणी काय पाहिलं, आणि कलम ३२५ व ११(१)(एल) खाली गुन्हा नोंदवावा ही विनंती. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. नाव घ्यायची गरज नाही, 'अज्ञात इसमाविरुद्ध' लिहा. ग्रुपवरचा मेसेज जसा आहे तसा जोडा. त्यावरून निष्कर्ष काढायचं काम तपास अधिकाऱ्याचं. तुम्ही ग्रुपवर किंवा फेसबुकवर त्या गृहस्थांचं नाव घेऊन आरोप केलात तर उलट बदनामीची नोटीस तुमच्याच घरी येईल.

तरीही नोंद नाही केली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली तोच मजकूर वरिष्ठांकडे, तुमच्याकडे आयुक्तालय आहे म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. मधली पायरी गाळली तर अर्ज तिथेच अडतो. आणि १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो, तेवढं लक्षात असू द्या.

गोठ्यातला डॉक्टर

सरकारी पशुवैद्यक आहे. खोकं डीप फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठलं की पेशी फाटतात आणि तपासणी अवघड होते. बर्फ बदलत राहा आणि घाई करा. शवविच्छेदन सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी करतात, पण पोलिसांचं पत्र लागतं. पत्राशिवाय केलेलं शवविच्छेदन कोर्टात लंगडं पडतं. त्यामुळे अर्जात ही मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा. जठरातलं अन्न, यकृत, मूत्रपिंड असे नमुने सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. अहवालाला महिने लागतात, धीर ठेवा.

पावाचे तुकडे तुम्ही उचलले असतील तर ते पंचनाम्यात यायला हवेत. अजून जागेवर असतील तर फोटो काढून तसेच राहू द्या, पण लहान मुलं आणि मांजरं दूर ठेवा. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, असली औषधं कातडीतूनही अंगात भिनतात.

आणि तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. त्यांनी विषाचं नाव लिहूच नये. वाचलेल्या कुत्रीचा केस पेपर मात्र मागून घ्या: किती वाजता आणली, लाळ, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या होत्या, काय दिलं आणि त्यानंतर काय फरक पडला. ॲट्रोपिनने उतार पडला एवढं वाक्य असलं तरी वाचणाऱ्याला दिशा कळते.

सातमजली

वाद नको म्हणालात तरी लिहितो. मागच्या पावसाळ्यात माझ्या आईला कुत्रं चावलं. इंजेक्शनं घेतली, अजून ती एकटी खाली उतरत नाही. तेव्हा ना महापालिका आली ना पोलीस. सुप्रीम कोर्टानेही कुत्री उचला म्हटलं होतं ना?

कोर्टाची पायरी

आईंचं वाईट वाटलं. पण ऑगस्ट २०२५ चा तो दिल्लीचा आदेश अकरा तारखेचा, बावीस तारखेला तो बदलला: नसबंदी-लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. या दोन्हींत विष घालायची मुभा कुठेच नाही. चावणाऱ्या कुत्र्याची तक्रार महापालिकेकडे लेखी करा, पोच घ्या, मजकूर हवा तर मी लिहून देतो.

अबोली_पुणे

सर्वांचे आभार. सातमजली, तुमच्या आईंबद्दल खरंच वाईट वाटलं.

आज अर्ज दिला, शिक्का मिळाला. साहेबांनी ३२५ चं पान माझ्याच मोबाईलवर वाचलं आणि दवाखान्याला पत्र दिलं. शवविच्छेदन झालं, नमुने सील केले. गुन्हा नोंदवण्याबद्दल "वरिष्ठांशी बोलून सांगतो" एवढंच. संध्याकाळी चेअरमननी माझ्या घरमालकांना फोन केला: तुमची भाडेकरू सोसायटीची बदनामी करते, करार पुढे वाढवू नका. घरमालक भले आहेत, पण घाबरलेत. याचं काय करू?

कोर्टाची पायरी

घरमालकांना म्हणावं, फोन कधी आला आणि काय बोलणं झालं ते मला मेसेज करून ठेवा, बाकी काही करू नका. करार नोंदणीकृत असेल तर मुदत संपेपर्यंत, किंवा करारातल्या नोटिशीशिवाय, तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. चेअरमनच्या फोनची माहिती पुरवणी अर्जात द्या, आरोप न करता.

सीसीटीव्हीचा विषय कोणीच काढला नाही. सोसायटीचा डीव्हीआर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढवत जातो. त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवावं असं पत्र सेक्रेटरींना उद्या सकाळीच द्या, पोच घ्या, प्रत ठाण्यात द्या. पेन ड्राइव्हवर स्वतः उतरवून घेत बसू नका. पोलिसांनी घेतलं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, प्रमाणपत्र तेच बघतील. आणि तो ग्रुप सोडू नका. मूळ मेसेज तुमच्या फोनवर तसाच राहायला हवा.