पेंटवाल्या पोरांचे पैसे (सोसायटी ग्रुप)

बी-७०४: काल रात्री पार्किंगमधे पेंटची पोरं जेवत बसलेली, त्यांच्याशी बोलले. बंगालची आहेत, मालदाकडची. होळीनंतर आलीत आणि अजून हिशेब नाही, दर रविवारी नुसती ५०० रुपये खर्ची. ठेकेदार सांगतो सोसायटीनं बिल अडवलंय. सेक्रेटरीसाहेब खरंय का हे??

सेक्रेटरी: नाही ताई. तिन्ही रनिंग बिलं (काम होईल तसतशी येणारी) दिलेली आहेत. फायनल बिल आणि रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, तेवढं बाकी.

ए-२०१: मग झालं की. आपण पैसे दिले, आपला विषय संपला. त्यांचं आणि ठेकेदाराचं ते बघतील. आधी सी विंगच्या डक्टचं बघा, भिंत परत ओली आलीय 🙏

सी-५०३: काका विषय संपत नाही. ठेकेदारानं बुडवलं की काम ज्याच्याकडे चालू आहे त्याच्यावर येतं.

ए-२०१: वकीलसाहेब, तो कायदा ५० माणसं असतील तर. इथं ९ पोरं आहेत.

सी-५०३: ५० चा आकडा कंत्राटी कामगारांच्या तरतुदींचा. मी वेतन संहितेबद्दल बोलतोय, २०१९ ची, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. तिच्या ४३ व्या कलमात डोकी मोजत नाहीत. आता सोसायटी ही आस्थापना आहे की नाही यावर उद्या कोर्टात भांडता येईल, पण ९ पोरांची मजुरी द्यावी लागू नये म्हणून आपण वकील लावणार का, तो खर्च जास्त होईल 😄 आणि महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, काम संपल्यावर गावी जाताना नाही.

ए-४०२: मालदा म्हणजे नक्की इकडचेच ना? आधार वगैरे बघा कुणीतरी

बी-७०४: पहिल्याच दिवशी गेटवर झेरॉक्स घेतलेत काकू, रजिस्टरला लावलेत. आणि हाच धाक ठेकेदार घालतोय त्यांना, जास्त बोललात तर बांगलादेशी म्हणून पोलिसात देईन. म्हणून तर गप्प आहेत.

बी-७०४: अजून एक. त्यातला एकजण सराफाच्या दुकानातल्या छोट्या डायरीत हजेरी लिहितो, मी बघितली. ज्या दिवशी रात्री ९ पर्यंत झुल्यावर (दोरावर टांगलेल्या फळीवर) होते तिथं 'डेढ' लिहिलंय. ठेकेदाराच्या वहीत त्याच दिवशी एकच. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं असतो ना, इथं दीड पण खाल्ली.

ए-२०१: अहो पण राजीखुशीनं आलेत ना, गावाकडे एवढं पण मिळत नाही त्यांना

सी-५०३: हेच १९८२ मधे झालंय काका. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती तिथल्या मजुरांची केस, न्या. भगवतींचा निकाल. भुकेपोटी माणूस कमी पैशावर तयार झाला तरी किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारीच, घटनेचं कलम २३.

डी-१०२: मी बोलू का, आमचं गाव बीडकडं. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडनं उचल घेतली की सीझनभर हलता येत नाही, आणि सीझन संपला तरी अंगावर बाकी निघते ती कशी निघाली हे मुकादमालाच माहीत. कर्नाटकात आमच्या लोकांना असंच परमुलखातले म्हणून दाबतात तेव्हा आपल्याला राग येतो ना. इथं खर्ची, तिथं उचल. वही एकाच माणसाकडं असते हा सगळा घोळ आहे.

खजिनदार: रिटेन्शनचे २ लाख १० हजार आपल्याकडे आहेत. पोरांची बाकी त्यातून थेट त्यांच्या खात्यात टाकून ठेकेदाराच्या बिलातून वजा करता येईल का?

सी-५०३: येईल, आधी त्याला लेखी पत्र द्या आणि दोन्ही वह्या समोरासमोर ठेवा. त्याच वेळी त्याच्याकडून ९० दिवस कामाचा दाखला पण लिहून घ्या, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला लागतो. पोरं पुढच्या साइटवर गेली की दाखला द्यायला कोण सापडत नाही.

सेक्रेटरी: ठीक आहे. रविवारी ११ ला क्लबहाउस, ठेकेदाराला वहीसकट बोलावतो. डायरीवाल्या मुलाला पण.

बी-७०४: एकट्याला नको हां, सगळ्यांना बोलवा. नाहीतर सोमवारी त्याचं काम बंद.

डी-१०२: आणि वॉचमनचं पण घ्या त्यात. १२ तास ड्युटी आहे, एजन्सीला आपण माणशी २२ हजार देतो, त्यांच्या हातात १३ पडतात, मी विचारलंय.

ए-२०१: ते काढलंत तर मेंटेनन्स वाढणार, आत्ताच सांगतो.

डी-१०२: वाढला तर वाढला काका, आधी एजन्सीकडून पगाराच्या स्लिपा तर मागवू. मधले ९ हजार जातात कुठं?

सेक्रेटरी: अजेंड्यात विषय क्र. २. डक्ट विषय क्र. ३.

ए-२०१: डक्ट १ घ्या ओ 😡