फोर्ड की विलीज?
दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या जीपचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय, ही फोर्ड कंपनीची की विलीजची. फोटोत बोनेट चकाचक दिसतंय, पण ओळख तिथं पटत नाही. रेडिएटरच्या खाली, चेसिसची पुढची आडवी पट्टी बघा. गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरही बारीक 'एफ' उठवलाय. घासून घासून माझी नखं काळी झाली, तेव्हा कुठं दिसला!

आता गंजाचं. म्हापशात खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी आधी काढा. ती ज्या खोलगट खाचेत बसते तिथं पाणी साचतं. माझ्या गाडीत टाकी उचलली आणि खालचा पत्रा पापडासारखा हातात आला. मेस्त्री म्हणाला, "पुट्टी लावून भागवूया." तसलं काही ऐकू नका, पत्रा कापून नवीन वेल्ड करून घ्या.

रंगाबद्दल मात्र वर कुणीतरी ऑलिव्ह ग्रीन द्या म्हणून सुचवलंय, ते पटलं नाही. ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालत नाही, मोटार वाहन नियमांनुसार तो रंग सैन्यासाठी राखीव आहे. मी खाकीकडे झुकणारा मातकट रंग दिला. बायको म्हणते, शेणाने सारवल्यासारखी दिसते.